'संपर्क व इतर खर्च' यात नेमके काय येते?

तुमचा प्रश्न असा की, बेळगावच्या उद्यमबागेतल्या तुमच्या फाउंड्रीला सरकारी खात्याची ऑर्डर मिळवून देणारा मध्यस्थ आता करारातील 'संपर्क व इतर खर्च, बिलाच्या 3 टक्के' या ओळीवर बोट ठेवून पैसे मागतो आहे. त्यातले काही साहेबांना पोचवायचे, असे सहीच्या वेळी तुमच्या भागीदाराशी त्याचे बोलणे झाले होते. पण कागदावर त्याचा उल्लेख नाही, तेव्हा ही रक्कम देणे बंधनकारक आहे का?

माझ्या मते नाही. लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा एरवी चालत नाही हे खरे, परंतु व्यवहार बेकायदा होता हे दाखवण्यासाठी तो चालतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 92 मधील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 95 मध्येही आहे.

खरी मेख 1872 च्या करार कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे. निळीच्या कायदेशीर कारखान्यावर देखरेख आणि सोबत काही बेकायदा व्यापार, या दोन्हींसाठी वर्षाला मिळून 10,000 रुपये पगार, असे उदाहरण कायद्यानेच तिथे दिले असून तो सगळाच करार रद्दबातल ठरवला आहे. तुमचे 3 टक्के तसेच आहेत: टेंडरचे कागद, बेंगळुरूच्या खेपा आणि पाकीट, सारे एकाच आकड्यात. कागदपत्रांची फी वेगळी लिहिली असती, तर तेवढी मागायला त्याला जागा राहिली असती. (बोलणी मराठीत, करार इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, आपल्याकडे सही करताना 'इतर' हा शब्द वाचतो कोण?)

मात्र पैसे अडवून तुमची सुटका होत नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8 खाली लाच देणाऱ्याला, मग ती मध्यस्थामार्फत का असेना, 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि लाच देण्याचे नुसते कबूल करणेही गुन्हा आहे. कलम 9 मध्ये भागीदारी संस्थाही येते, तर कलम 10 संमती देणाऱ्या भागीदाराला गाठते. जबरदस्तीने द्यावी लागलेल्या लाचेची तक्रार दिल्यापासून 7 दिवसांत केली तर सूट आहे, पण आधी ठरवून दिलेल्या पैशाला ती मिळणे अवघड. ऑगस्ट 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्याचे एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक पथक) रद्द केल्यापासून ही प्रकरणे लोकायुक्त पोलिसांकडे आहेत. फौजदारी वकील सोबत घेऊनच तिकडे जा. तोवर मध्यस्थाचे मेसेज पुसू नका, आणि त्याला 'बघतो, देऊ' असे उत्तर तर मुळीच पाठवू नका.