झुडपं वाचवा, बशा पालथ्या करा

प्रश्न : काका, आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या बागेत मे महिन्यात औषधालासुद्धा डास नव्हता. गणपती झाले की सकाळी फिरताना पाय फोडून काढतात. मग होळीच्या आधी पुन्हा झुंडी, पण त्या दिवेलागणीला. आता जास्वंद, कण्हेर, मेंदीचं कुंपण सगळं काढून फरशी टाकायची असा ठराव येतोय. डास झाडांमुळेच होतात का?
– एक शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, त्या ठरावाला विरोध करा. डास झुडपात बसतो, जन्मतो पाण्यात. झुडपाच्या बुडाशी त्याला सावली आणि ओल मिळते, फुलातला गोड रस नर-मादी दोघंही पितात. रक्त लागतं ते फक्त मादीला, अंड्यांसाठी. कुंपणाची खालून छाटणी करा, हवा खेळू द्या. पण सगळी बाग उपटणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं.

तुम्ही लिहिलेले डास एक नाहीत, दोन आहेत. सकाळी पाय फोडणारा बहुतेक एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला. डेंग्यू, चिकुनगुनिया त्याच्याकडून. त्याला गटार नको, थोडंसं निवळ पाणी हवं: कुंडीखालची बशी, टाकून दिलेला टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं आणि कुणी बदलत नाही असं परळ, झाडाची ढोलीसुद्धा. होळीआधीचा तो क्युलेक्स, गटारातला. पावसाळ्यात जोराच्या सरींनी नाल्यातल्या अळ्या वाहून जातात. पुढे पाणी संथ आणि घाण होत जातं, फेब्रुवारीत ऊब वाढते, आणि त्याचं फावतं.

मे महिन्यात पारा 40 च्या वर गेला की कोरड्या झळांनी डास फार दिवस जगत नाही. पण एडिसची मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती सुकली तरी कित्येक महिने मरत नाहीत. मृगाचं पाणी भांड्यात चढलं की अळ्या बाहेर. मग उघडीप पडली, ऊन-सावली सुरू झाली, की सात ते दहा दिवसांत डास उडतो. म्हणून बशी नुसती ओतू नका, काथ्याने घासा. आणि आपल्या मराठवाड्याची एक वेगळीच गोम आहे. नळाला आठवड्याने पाणी येतं म्हणून दारोदारी ड्रम भरलेले. बागेत डास नसतो त्या मे महिन्यात एडिस तिथे, घरात, मजेत असतो.

मी हिवताप विभागात नोकरी केली, म्हणून एक सोपी तपासणी सांगतो. बागेतलं संशयित पाणी पांढऱ्या वाटीत घ्या आणि उजेडात धरा. अळी डोकं खाली, शेपूट वर अशी तिरकी लोंबत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. वाटीवर हाताची सावली पडताच वळवळत तळाला जाते. पाण्याला समांतर आडवी पडली असेल तर अॅनोफिलीस, हिवतापाचा. 1897 साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत, म्हणजे आपण ज्या निजामाच्या राज्यात होतो तिथेच, याच जातकुळीतल्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. स्वल्पविरामासारखे वाकडे जीव दिसले तर ते कोष. एक-दोन दिवसांत उडणार, तेव्हा पाणी लगेच मातीत ओता. गटारात नको.

सलीम अली सरोवरासारख्या तळ्यांना मात्र लोक उगाच घाबरतात. मासे आणि चतुराची पिल्लं आहेत अशा उघड्या पाण्यात डासाच्या अळीची डाळ शिजत नाही. काठाला जलपर्णी माजली तर गोष्ट वेगळी, तिच्या आडोशाला अळ्या वाचतात.

प्रश्न : आमच्या बागेत धूरफवारणी झाली, आठवड्यात डास पुन्हा तेवढेच. औषध भेसळीचं असावं का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : औषधाला दोष देऊ नका. धुराने उडते डास मरतात, अळ्या आणि कोष पाण्यात सुखरूप असतात. त्यातून धूर भर दुपारी मारला असेल तर तापलेल्या हवेबरोबर तो वर निघून जातो. फवारणी हवी ती पहाटे किंवा सूर्य मावळताना. बागेतलं कारंजं बंद पडलं असेल तर आधी त्याचा हौद बघा. रिकामा करता येत नसेल तर हिवताप विभागाकडे गप्पी मासे मागा. फक्त उरलेले गप्पी गोदावरीत सोडू नका, ते स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खातात.