वृद्धाश्रमाच्या फाइलीत माझी इच्छा कुठे लावू?

प्रश्न : मी ७९ वर्षांची निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपासून इंदूरच्या एका वृद्धाश्रमात आहे. मुलगा टोरांटोला, भाची इथेच सुदामानगरात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या खोलीतल्या बाईंना आयसीयूत नेलं, बावीस दिवस नळ्यांवर ठेवलं. परत आल्या नाहीत. मला तसं नको. व्यवस्थापकांना बोलले, तर म्हणाले, "माताजी, आपने भर्ती के फॉर्म में लिखकर दिया है, इलाज का फैसला बेटा और आश्रम करेंगे." हे खरं का? मी काय लिहून ठेवू, आणि ते मानेल कोण?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काकू, त्या फॉर्मचा धसका घेऊ नका. तुम्ही शुद्धीवर आहात, समजून बोलता आहात, तोवर तुमच्या शरीराचा निर्णय तुमचाच. डॉक्टरांनी उद्या व्हेंटिलेटर सुचवला आणि तुम्ही नको म्हणालात, तर मुलाची सही लागत नाही, आश्रमाची तर नाहीच. कागद लागतो तो बोलणं बंद झाल्यावर : कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला, 'लिव्हिंग विल' म्हणतात तो.

त्या कागदाला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. सन्मानाने मरण येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं पाच न्यायमूर्तींनी म्हटलं. पण अट अशी घातली की, त्या कागदावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. माझ्या आत्याने २०१९ मध्ये सुंदर अक्षरात दोन पानं लिहिली, दोन साक्षीदारही केले. कोर्टात मी नेणार होते. एकदा तारीख हुकली, एकदा तिला ताप आला, मग राहूनच गेलं. शेवटचे अकरा दिवस ती मशीनवर होती आणि ती पानं बँकेच्या लॉकरमध्ये. तेराव्यानंतर लॉकर उघडला. मी वकील, आणि माझ्या घरात हे झालं.

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार, शक्यतो त्रयस्थ, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरे. आश्रमाच्या मॅनेजरला किंवा तिथल्या कुणाला साक्षीदार करू नका. उद्या भांडण त्यांच्याशीच झालं तर? नोटरी बहुधा विचारेल, "माताजी, वसीयत है क्या?" नाही म्हणून ठासून सांगा. वसीयत माणूस गेल्यावर उघडतात, हे तो असताना उघडायचं असतं. म्हणून पाकिटावर 'मृत्युपत्र' तर मुळीच लिहू नका. 'उपचारांबाबत माझी इच्छा' लिहा, आणि हिंदीतही लिहा. रात्रपाळीच्या मुलीला मराठी येत नसेल.

आत काय असावं? आजार बरा होण्याची आशा उरली नसेल आणि नुसतं लांबवणं चाललं असेल, तेव्हा व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय सुरू करणं, नळीने अन्न यांपैकी काय नको ते स्पष्ट लिहा. वेदना कमी करणारे उपचार हवेत, हेही लिहा. लोक ते विसरतात. पाय मोडला किंवा साधा न्युमोनिया झाला, तर हा कागद लागू होत नाही; तिथे नेहमीसारखे उपचार होतील. आणि सुई देऊन जीव घेणं हे आजही गुन्हाच आहे. व्यवस्थापक बहुधा त्यालाच घाबरतात.

तुमच्या वतीने बोलायला एकापेक्षा जास्त माणसांची नावं घालायची असतात. मुलाचं नाव जरूर घाला, पण पहिलं भाचीचं. टोरांटोत रात्र असताना इथे दिवस असतो, आणि डॉक्टर दारात उभे असतात.

तुमचा कागद दाखवला की उपचार लगेच थांबतील, असं मात्र समजू नका. आधी डॉक्टर तो खरा असल्याची खात्री करतात. मग रुग्णालयाचं मंडळ बसतं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यानंतर दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दोन्ही 'हो' म्हणाले तर अंमलापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. मंडळ 'नाही' म्हणालं, तर भाची उच्च न्यायालयात जाऊ शकते. आपल्याकडे त्याचं खंडपीठ गावातच आहे, तेवढं बरं.

आता खरी गोम. हा सगळा आदेश रुग्णालयाला उद्देशून आहे. रात्री दोनला तुमचा श्वास अडकला, तर आश्रमातली मुलगी १०८ लावणार, आणि तिचं चूकही नाही. म्हणून एक प्रत आश्रमाच्या फाइलीत सर्वांत वर, एक भाचीच्या पर्समध्ये, एक फॅमिली डॉक्टरकडे, एक मुलाला. न्यायालयाने एक प्रत स्थानिक संस्थेकडेही ठेवायला सांगितली आहे, म्हणून महानगरपालिकेत देऊन पोच घ्या. तिथला बाबू गोंधळला तर चिडू नका, आवक क्रमांक मात्र मागाच. व्यवस्थापकांकडूनही 'मिळाले' अशी सही, तारखेसह.

मन बदललं तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो. नवा केलात, तर शेवटची सही असलेला चालतो. जुन्या प्रती तेवढ्या परत मागून फाडा.

नोटरीकडे जाताना दोन्ही साक्षीदारांना बरोबर न्या, आधार कार्ड विसरू नका. आणि लॉकरमध्ये ठेवू नका, काकू.