फुकटच्या पैशानं गरिबी जाते का? निपाणीकडचा म्हणून माझं उत्तर

तुम्ही विचारलंय की कर्नाटक सरकार बायकांना महिन्याला 2000 देतंय, तांदूळ फुकट देतंय, तरी गरिबी का हटत नाही, आणि मग नेमकं कुठलं धोरण चालतं. मी काय अर्थशास्त्र शिकलेलो नाही. निपाणीजवळचं गाव, वेदगंगेचा काठ, आई बिड्या वळायची आणि अजून थोड्या वळते. घरात बघितलंय तेवढं सांगतो, पटलं तर घ्या.

एक आधीच सांगतो, हटतच नाही असं नाही. नीती आयोगाच्या आकड्यात कर्नाटकात 2015-16 ला 12.77 टक्के लोक बहुआयामी गरीब होते, 2019-21 ला 7.58. म्हणजे हे 2000 सुरू व्हायच्या आधीच कमी झालेत, त्यात गॅस, संडास, लाईट, बँक खातं असलं सगळं मोजतात.

आता बिडीचं. कारखान्यातनं पान आणि तंबाखू मोजून मिळते, पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची आणि सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं. मजुरी हजार बिड्यांवर. घरचं सगळं करून हजार व्हायला आईला रात्र व्हायची. मग माल घेणारा माणूस बिड्यांचे कट्टे हातात घेऊन बघणार आणि मूठभर बाजूला टाकणार, हिचं तोंड नीट नाही, ही सैल झालीय. ह्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही आणि कहर म्हणजे ती बिडी परतपण मिळत नाही, तिकडंच राहते. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, तिच्याबरोबर गेलेलो, येताना विचारलं तू भांडली का नाहीस, तर म्हणाली, "उद्या पान द्यायचा नाही तो."

पैसा कमी हे तर आहेच, पण समोरच्याला नाही म्हणता येत नाही हे त्याच्यापेक्षा वाईट, कारण नाही म्हटलं की उद्याची चूल अडते. त्यामुळं कुठली पण योजना आली की मी एवढंच बघतो, हिच्यामुळं माणसाला नाही म्हणता येतंय का.

ह्या हिशोबानं आमच्याकडं सगळ्यात मोठं काम कुठल्या धोरणानं केलं असेल तर ते 1974 च्या कूळ कायद्यानं, तेव्हाचे मुख्यमंत्री देवराज अर्सांच्या वेळचं. 1 मार्च 1974 पासून कूळपद्धत संपली, कसणाऱ्यानं सात नंबरचा फॉर्म भरून ट्रिब्युनलकडं द्यायचा आणि जमीन त्याच्या नावावर. आमचे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ एकाच मालकाची जमीन करायचे, पिकाचा निम्मा वाटा मालकाच्या घरात. आजोबांनी फॉर्म भरला. थोरल्यांनी नाही भरला, भिडेपोटी, मालकानं पोरीच्या लग्नाला पैसे दिलेले, त्याच्यावर कसं जायचं म्हणून. आजोबांना दीड एकर लागली. दीड एकर म्हणजे काय फार नव्हे, पण उताऱ्यावर नाव लागल्यावर सोसायटीचं कर्ज मिळालं, विहिरीत भागीदारी आली, नंतर तंबाखू काढून ऊस झाला आणि त्या उसाच्या बिलावर माझं डिप्लोमा. थोरल्यांची नातवंडं आजपण ऊसतोडीला जातात. एकाच सोप्यात वाढलेले दोघं भाऊ, फरक एका फॉर्मचा. हे बघितल्यामुळं मला कुणी गरीब लोक आळशी असतात असं म्हटलं की लई राग येतो, थोरले आजोबा आमच्या आजोबांपेक्षा जास्त राबायचे.

अर्थात आता वाटायला जमीन राहिली नाही. मग आता काय? आमच्याकडं ज्याला उद्योग खात्री म्हणतात ती रोजगार हमी. ही कल्पना मूळची महाराष्ट्राची, 1972 च्या दुष्काळातली, वि. स. पागेंची, पुढं 2005 ला देशाचा कायदा झाला 100 दिवसांचा. कर्नाटकात 2025-26 ला दिवसाचा दर 370 रुपये होता, महाराष्ट्रात 312, आणि मेन म्हणजे बाईला गड्याएवढाच. शेतात आमच्याकडं कधीच सारखा नव्हता. खानापूरकडं माझी मावशी तळ्यातला गाळ काढायला जाते, ती सांगत होती की काम सुरू झालं की मळेवाले बोंबलतात, बायका मिळत नाहीत म्हणून, आणि चार दिवसांनी मजुरी वाढवून देतात. ही बोंब म्हणजेच योजना चालू असल्याची खूण बघा. पण 2023 पासून हजेरी मोबाईलवर, दिवसातनं दोनदा फोटो, आणि जंगलातल्या गावात रेंज कुठली, फोटो चढला नाही तर दिवसभर पाट्या उचलून हजेरी शून्य.

बायकांना मिळणारे ते 2000 म्हणजे गृहलक्ष्मी योजना, ऑगस्ट 2023 पासून. वर्षाला सगळ्या गॅरंट्यांवर, म्हणजे राज्य सरकारच्या असल्या योजनांवर, 52 हजार कोटींच्या आसपास खर्च, त्यात रस्ते-कारखाने मागं पडतात हे लोक म्हणतात ते खोटं नाही, आमच्याकडची पोरं अजून कामाला गोव्याला नाहीतर पुण्यालाच जातात. पण ह्याला फुकट म्हणून हसणाऱ्यांनी एकदा बचत गटाच्या मीटिंगला बसून बघावं, हातात स्वतःचा पैसा आला की बाईला नाही म्हणता येतं का ते तिथं कळतं. फक्त पैसे ठरल्या तारखेला यायला पाहिजेत. हप्ता दोन-तीन महिने लटकला की त्याचा उपयोगच निम्मा होतो, कारण बाई त्या भरवशावर काही ठरवू शकत नाही, मग ती बक्षिसी होते. आणि फॉर्म, मेसेज सगळं कन्नडमध्ये, आईला वाचता येत नाही, सायबरवाला प्रत्येक वेळी 50-100 घेतो. सीमाप्रश्न इथं काढत नाही मी, फक्त माणसाला कळेल अशा भाषेत कागद द्या एवढंच.

दवाखान्याचं थोडक्यात. सगळं कमावलेलं एका ऑपरेशनमध्ये जातं, बेळगावच्या वडगावात आमच्या ओळखीच्या एका विणकरानं मूत्रपिंडाच्या दुखण्यात दोन्ही माग विकले, आता दुसऱ्याच्या मागावर कामाला आहे. सरकारी आरोग्य कार्डावर 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, महाराष्ट्रानं पण 865 सीमावर्ती गावांना महात्मा फुले योजना दिली, पण जाण्यायेण्याचा, राहण्याचा, बुडलेल्या मजुरीचा खर्च कुठल्याच कार्डात बसत नाही आणि माणूस बुडतो तो त्यातच.

परत आईकडं येतो. मागच्या दिवाळीच्या आधी मी घरी होतो, माल द्यायला तिच्याबरोबर गेलो. माणूस बदललाय, सवय तीच, मूठभर बाजूला. आई म्हणाली, "छाटायचं तर छाट, पण ती माझ्या पदरात टाक, घरी नेतो मी." तो बघतच राहिला, बाकीच्या बायका गप्प. मग दिल्या त्यानं. दुसऱ्या दिवशी पानपण दिलं. आमच्या घरात कुणीच बिडी ओढत नाही, त्या बिड्या अजून फळीवर पत्र्याच्या डब्यात आहेत.