वाचकांचे प्रश्न: वीज गेली तरी फोनची घंटा कशी वाजायची?

प्रश्न: आमच्या घरी डायलचा काळा फोन होता. रात्री वीज गेलेली असली तरी त्याची घंटा नेहमीसारखीच खणखणत असे. भिंतीतून फक्त दोन तारा येत आणि बोलणेही त्यांतूनच होई. मग घंटेसाठी वीज कुठून येत असे, आणि बोलणे चालू असताना घंटा मध्येच का वाजत नसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर: घंटेची आणि बोलण्याची, दोन्हींची वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून येत असे. तेथे शिसे-आम्ल बॅटरीच्या प्रत्येकी २ व्होल्टच्या २४ घटांची माळ जोडलेली असे आणि तिच्यातून प्रत्येक ग्राहकाच्या तारांवर ४८ व्होल्टचा डीसी (एकाच दिशेचा) दाब अखंड ठेवला जाई. गावाची वीज गेली तरी बॅटऱ्या काम करीत राहत आणि त्या उतरण्याआधी डिझेल जनरेटर चालू केला जाई. या माळेचे धन टोक मुद्दाम जमिनीला जोडत, कारण त्यामुळे तारेवर जमिनीच्या तुलनेत ऋण दाब राहतो आणि ओल्या मातीत पुरलेल्या केबलचे तांबे झिजत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात या खबरदारीचे मोल किती होते, हे सहज लक्षात येईल.

आता दोन तारांचे कोडे पाहू. रिसीव्हर जागेवर ठेवला की त्याच्या वजनाने दाबला जाणारा स्विच बोलण्याचे मंडल तोडतो आणि तारांवर फक्त घंटा उरते. या घंटेच्या आधी मालिकेत एक कपॅसिटर असतो, साधारण २ मायक्रोफॅरडचा. कपॅसिटरमधून डीसी प्रवाह वाहत राहू शकत नाही, एसी म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह मात्र पलीकडे पोहोचतो. म्हणून एरवी तारांतून काहीच प्रवाह वाहत नाही आणि त्यावरूनच एक्स्चेंजला कळते की फोन ठेवलेला आहे. कोणी आपला नंबर फिरवला की एक्स्चेंज त्याच तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा आणि सेकंदाला २५ आवर्तनांचा एसी दाब सोडते. तो कपॅसिटर ओलांडून घंटेच्या वेटोळ्यांत शिरतो आणि घंटा वाजते. ७५ व्होल्टचा हा झटका चांगलाच जाणवतो, त्यामुळे फोन वाजत असताना उघड्या तारांना हात लावू नये.

घंटेची रचना मला सर्वांत मोलाची वाटते. ग्रॅहम बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढची शंभर वर्षे तिचे तत्त्व बदलावे लागले नाही. तिच्यात एक कायमचा चुंबक, बारीक तारेची दोन वेटोळी आणि मधोमध खिळीवर तोललेली लोखंडी पट्टी असते. प्रवाह एका दिशेने वाहिला की एका वेटोळ्याजवळचे चुंबकत्व वाढते आणि दुसऱ्याजवळचे घटते, त्यामुळे पट्टी तराजूच्या दांडीसारखी एका बाजूला झुकते. प्रवाहाची दिशा उलटली की ती दुसऱ्या बाजूला झुकते. पट्टीला जोडलेली हातोडी अशा रीतीने डावीकडच्या आणि उजवीकडच्या वाटीवर आळीपाळीने आदळते, म्हणजे २५ आवर्तनांत ५० ठोके पडतात. दोन्ही वाट्यांचे स्वर किंचित वेगळे ठेवलेले असल्यामुळे तो भरदार नाद तयार होतो. दाराच्या जुन्या बॅटरीवरील घंटेत प्रवाह सतत जोडणारा व तोडणारा संपर्क असतो. तेथे ठिणग्या पडतात आणि तो संपर्क जळतो. टेलिफोनच्या घंटेत असा संपर्कच नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा फोन अजूनही वाजतो, याचे मोठे श्रेय याच एका गोष्टीला द्यायला हवे.

बोलताना घंटा न वाजण्याचे कारणही यातच आहे. आवाजाचे विद्युत संकेत अतिशय क्षीण असतात आणि टेलिफोनवर त्यांची आवर्तने ३०० ते ३,४०० च्या पट्ट्यात असतात. घंटेची हजारो वेढ्यांची वेटोळी इतक्या जलद बदलणाऱ्या प्रवाहाला मोठा अडथळा करतात, आणि जड पट्टी तेवढ्या वेगाने हलूही शकत नाही. रिसीव्हर उचलताच मात्र बोलण्याचे मंडल जोडले जाते, डीसी प्रवाह वाहू लागतो, एक्स्चेंजमधील रिले (प्रवाहाने चालणारा स्विच) तो ओळखतो आणि घंटेचा दाब तत्क्षणी काढून घेतो.

प्रश्न: पलीकडे घंटा वाजत असताना आपल्या कानात जो आवाज येतो, तो त्या घंटेचाच असतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही. तो सूर एक्स्चेंज वेगळा तयार करून आपल्याकडे पाठवते. पलीकडची घंटा बिघडलेली असली तरी आपल्याला तो ऐकू येत राहतो, आणि ‘एवढी रिंग दिली, कोणी उचलला नाही’ ही तक्रार त्यामुळेच अनेकदा अन्यायाची ठरत असे. भारतात घंटा आणि हा सूर यांचा ठेका ब्रिटिश पद्धतीचा आहे: ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद विराम, पुन्हा ०.४ सेकंद आवाज आणि मग २ सेकंद शांतता. अमेरिकेत तो २ सेकंद आवाज आणि ४ सेकंद विराम असा असतो.

प्रश्न: माडीवरच्या फोनचे डायल फिरवले की खालच्या फोनची घंटा किणकिणत असे. त्या फोनमध्ये काही दोष होता का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: दोष नव्हता. डायल परत फिरताना सेकंदाला सुमारे दहा वेळा प्रवाह तोडते व जोडते. प्रत्येक वेळी तारांवरील दाब एकदम चढतो किंवा उतरतो, खालच्या फोनचा कपॅसिटर त्याबरोबर भरतो व रिकामा होतो, आणि तो क्षणिक प्रवाह हातोडी हलवतो. अनेक घंटांमध्ये हातोडीला एका बाजूला धरून ठेवणारी बारीक स्प्रिंग असते. अशा फोनच्या घंटेच्या दोन तारांची अदलाबदल केल्यास किणकिण पुष्कळदा थांबते.

प्रश्न: वडिलांचा जुना फोन नव्या फायबर जोडणीच्या मोडेमला लावला. बोलता येते, पण घंटा नुसती घरघरते आणि डायलने नंबर लागत नाही. तो टाकून द्यावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कृपया टाकू नका. फायबरमधून वीज येत नाही, त्यामुळे घंटेचा दाब मोडेमलाच आपल्या लहानशा अडॅप्टरवरून तयार करावा लागतो, आणि अनेक मोडेममध्ये तो जुन्या एक्स्चेंजपेक्षा कमी असतो. त्या जोडणीवर दुसरा फोन असेल तर तो काढून पाहा, कारण दोन घंटा मिळून दाब आणखी उतरवतात. त्यानंतर तारा सोडवून फोन उघडावा. बहुतेक जुन्या घंटांच्या वाट्यांचे भोक मध्यावर नसते. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की ती हातोडीच्या जवळ किंवा दूर जाते, आणि योग्य अंतर सापडले की कमी दाबावरही आवाज खुलतो. एवढ्यानेही भागले नाही तर कपॅसिटर क्षीण झाला असावा. २ मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्टचा, धन-ऋण टोके नसलेला कपॅसिटर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळतो. डायलचे तुटक ठोके मात्र अनेक मोडेमना कळतच नाहीत. त्यासाठी ठोक्यांचे टोनमध्ये रूपांतर करणारे छोटे उपकरण मध्ये जोडावे लागते. आणि वीज गेल्यावरही हा फोन वाजावा असे वाटत असेल, तर मोडेमला बॅटरीचा आधार द्यावा लागेल.