चार्जरचा दिवा लुकलुकतोय म्हणून नवा चार्जर घेऊ नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दुपारी साइटवर ग्राइंडर चालवून 18 व्होल्टची बॅटरी चार्जरला लावली की दिवा नुसता लुकलुकतो, आणि दुकानदार म्हणतो चार्जर गेला. याच निदानावर माझा एक चांगला चार्जर मोडीत गेला आहे. त्या सर्व्हिस सेंटरने बॅटरीला साधा मीटरही लावला नव्हता, दोन मिनिटांचं काम होतं. अजूनही त्याचा राग येतो.

मल्टिमीटर 200 व्होल्ट डीसीवर ठेवून प्लस-मायनसच्या पट्ट्यांवर टेकवा. 20 च्या रेंजवर नको, कारण भरलेली बॅटरी 21 पर्यंत दाखवते (आत पाच सेल सिरीजमध्ये, भरल्यावर प्रत्येकी 4.2). आकडा 15 च्या वर असेल आणि बॅटरी हाताला गरम लागत असेल, तर बहुतेक बिघाड नाहीच. आतला तापमान मोजणारा सेन्सर चार्जरला थांबवतोय. लिथियम-आयन सेल साधारण 45 अंशांपेक्षा गरम असताना चार्ज करायचा नसतो. मे महिन्यात नागपुरात सावलीतली हवाच 45 ला टेकते, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. मग ती निवणार कशी? कूलरसमोर ठेवू नका, ओल्या हवेने पट्ट्या हिरव्या पडतात. फ्रीजमध्ये तर नकोच, बाहेर काढली की आतबाहेर दव धरतं. घरात, साध्या पंख्याखाली तासभर ठेवा आणि चार्जिंग शक्यतो सकाळी 6-7 लाच उरका. फरशीवर, भुसा आणि थिनरपासून लांब, आणि कुणीतरी जागं असताना.

आता खरी धोक्याची गोष्ट. आकडा 10 च्या खाली असेल तर बॅटरी बहुतेक महिनोन्‌महिने रिकामी पडून राहिलेली असते आणि चार्जर तिला मुद्दाम नाकारतो. मग लोक व्हिडिओ बघून भरलेल्या बॅटरीच्या दोन वायरी तिला जोडतात, आकडा वर आला की चार्जरला लावतात. हे करू नका. सेल फार खाली जाऊन तसाच राहिला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट होतो. त्या दिवशी काही होत नाही, म्हणून माणूस फसतो. आठवड्याने रात्री चार्जरवर पेटू शकते. सेन्सरच्या जागी रेझिस्टर टाकून चार्जरला चकवणं हाही तसाच प्रकार.

एक फसवा आकडाही सांगतो: 16.5. दिसायला ठीक. पण चार सेल 3.7 वर आणि एक 1.7 वर असला तरी बेरीज तेवढीच येते. चार्जर तरीही घेत नसेल तर उघडून बघायला सेल बदलणारा जाणकारच हवा.

ग्राइंडरला 2 अँपिअर-अवरची बॅटरी लावणं मला पटत नाही. 500 वॉट काम म्हणजे जवळपास 28 अँपिअर, आणि ते सगळं पाच सेलच्या एकाच ओळीतून. 4 वाल्यात सहसा दोन ओळी असतात, करंट निम्मा, प्रत्येक सेलमधली उष्णता चौथाई. फास्ट चार्जरपेक्षा दुसरी बॅटरी घेण्यात पैसे घाला.

बिनब्रँडचं ड्रिल असेल तर अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचूनच लावा. 12.6, 16.8 आणि 21 व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरची गोल पिन बऱ्याचदा एकसारखीच असते. तीन सेलच्या बॅटरीला 21 चा लागला की काय होईल ते सांगायला नको.

दिव्याचे संकेत कंपनीगणिक वेगळे, चार्जरवरचा स्टिकर आधी बघा. हे सगळं लिथियम-आयनपुरतं आहे, जुन्या निकेल-कॅडमियमला लावू नका. फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला किंवा कचरागाडीत देऊ नका. पट्ट्यांवर इन्सुलेशन टेप लावून कंपनीकडे परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाचीच आहे.