टायलिंग म्हणजे कौलं नव्हेत

प्रश्न आलाय तो असा: केडीई प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपमधला क्विन हा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) काढून तिथे आयथ्री हा टायलिंग विंडो मॅनेजर कसा बसवायचा, याची टिपणं मराठीत लिहायची आहेत. ‘टायलिंग विंडो मॅनेजर’ला ‘कौलारू खिडकी व्यवस्थापक’ आणि ‘अनसपोर्टेड’ला ‘असमर्थित’ म्हटलेलं चालेल का?

‘कौलारू’ मुळीच नको. हे भाषांतर सारखं कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. कौल शेजारच्या कौलावर चढलेलं असतं. नाहीतर पाणी आत येईल. टायलिंगमध्ये नेमकं उलटं: एकही खिडकी दुसरीवर चढत नाही, कडेला कड भिडते आणि स्क्रीन पुरता भरतो. १९८५ च्या विंडोज १.० मध्ये खिडक्या अशाच शेजारी शेजारी बसत. एकमेकींवर चढायची मुभा १९८७ मध्ये २.० ने दिली. कौलारू म्हणायचंच तर त्या नंतरच्या पद्धतीला म्हणा! इथे हवा तो शब्द आपल्याकडे कधीचा आहे: फरसबंदी. अरबी ‘फर्श’ म्हणजे अंथरलेलं, पसरलेलं. ‘फरसबंद मांडणी’ म्हटलं की फट नाही आणि चढाओढही नाही, हे एका दमात कळतं.

‘पण टाइलचं मूळ छपरातच आहे’ असं कौलवाले म्हणतात. आहेच, आणि ते मूळ फार सुंदर आहे. ‘टाइल’ आला लॅटिन ‘तेगुला’वरून, आणि ‘तेगुला’ आला ‘तेगेरे’ म्हणजे झाकणे यावरून. त्याच कुळातला ग्रीक ‘स्तेगे’ म्हणजे छप्पर, जर्मन ‘दाख’ म्हणजेही छप्पर. आणि संस्कृतात ‘स्थग्’: झाकणे, लपवणे. त्यावरूनच ‘स्थगित’! सभा स्थगित होते तेव्हा मुळात तिच्यावर झाकण पडतं. याच धातूचा ‘स्थग’ म्हणजे लबाड, खरं ते झाकून ठेवणारा; तोच पुढे हिंदीत ठग आणि आपल्याकडे ठक. म्हणजे टाइल आणि ठक एकाच घरचे. काही व्युत्पत्तिकार ‘स्त’च्या जागी ‘स्थ’ कसा, म्हणून या नात्यावर शंका घेतात. मला ती पटत नाही. अर्थ हुबेहूब तोच, पुढचा ‘ग’ तोच, आणि एका महाप्राणासाठी सोयरीक मोडायची? हा काटेकोरपणा नव्हे, हट्ट आहे.

पण मूळ कितीही गोड असलं तरी भाषांतर मुळाचं करत नाहीत. शब्द छपरावरून जमिनीवर उतरला, तिथून स्क्रीनवर आला, आणि येताना ‘झाकणे’ हा अर्थ मागे टाकून आला. ज्या मांडणीत काहीच झाकलं जात नाही तिला झाकणाचं नाव देऊ नये.

राहिला ‘असमर्थित’. समर्थन मताचं होतं, मागणीचं होतं. ‘असमर्थित’ वाचून तर ते काम जमतच नाही असं वाटतं. एक्स११ या खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीवर विंडो मॅनेजर हा स्वतंत्र प्रोग्राम असतो, त्यामुळे तो बदलता येतो. प्लाझ्मा ५.२५ पासून क्विनची सिस्टमडी सेवा (सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणारी यंत्रणा) बंद करून आयथ्रीसाठी आपली सेवा लिहावी लागते, पण काम होतं. त्याला ‘अधिकृत पाठबळ नाही’ म्हणा. एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँडवर क्विन स्वतःच कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून पडद्यावर चित्र उमटवणारा, असतो, तो काढून आयथ्री बसवताच येत नाही. तिथे सरळ ‘शक्य नाही’ लिहा.