आधी परतीची वाट

मोठ्या वयात मोबाईल आणि संगणक शिकणाऱ्यांची, आणि त्यांना शिकवता शिकवता मेटाकुटीला आलेल्यांची बरीच पत्रं साठली आहेत. त्यांतली पाच आज घेतो.

प्रश्न : आईचं वय 63. फोटो कसा पाठवायचा ते मी तिला निदान दहा वेळा शिकवलं असेल. समोर असताना जमतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. माझा आवाज चढतो, मग दोघींनाही वाईट वाटतं. चुकतंय कुठे?

त्या दहा वेळांपैकी किती वेळा मोबाईल शेवटपर्यंत आईच्याच हातात होता? आठवून पाहा. बहुतेक घरांत ‘दे इकडे, दाखवते’ म्हणून फोन काढून घेतला जातो, तीन सेकंदांत बोट चार ठिकाणी फिरतं आणि वर ‘बघितलंस? सोप्पं तर आहे’ हे ऐकवलं जातं. आईला तुमचं बोट दिसलं. ते बोट तिथेच का गेलं, हे कुठे दिसलं?

पुढच्या वेळी हात पाठीमागे बांधून बसा. अगदी खरोखर. ‘ते वरचं दाब’ असंही सांगू नका. ‘आता समोर काय काय दिसतंय, वाच बरं’ एवढंच विचारा. आधी खूप वेळ लागेल. लागू द्या.

दुसरं, वही. पण ती तिने लिहायची, तिच्या शब्दांत. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं : ‘टाचणी दाबणे. फोटो निवडणे. कागदी विमान दाबणे.’ ती टाचणी नाही, पेपरक्लिप आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण वेळीच मिटलं. त्या आजही टाचणी दाबून फोटो पाठवतात. तुम्ही सुवाच्य अक्षरात लिहून दिलेला कागद मात्र दोन दिवसांत कुठेतरी घडी होऊन पडतो.

आणि तिसरं, जे मी सगळ्यात आधी शिकवतो : परत येणं. नवख्या माणसाला पुढे जायची भीती नसते, आत कुठेतरी अडकून पडायची असते. म्हणून दहा मिनिटं मुद्दाम हरवायचा खेळ खेळा. कुठलंही ॲप उघडायचं, दोन-तीन पायऱ्या आत जायचं, आणि पहिल्या स्क्रीनवर परत यायचं. पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. यात एक अडचण आहे. 2019मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10पासून खालची तीन बटणं जाऊन बोट सरकवायच्या खुणा आल्या. आपल्याला त्या सुटसुटीत वाटतात, पण जे दिसतच नाही ते शोधणार कसं? बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ती तीन बटणं परत आणता येतात. हे आजच करून द्या. एवढ्यापुरता फोन हातात घ्यायला माझी परवानगी आहे.

प्रश्न : मी 71 वर्षांचा आहे. स्क्रीनवर बोट ठेवतो तर कधी काहीच होत नाही, कधी भलतंच उघडतं. मुलगा म्हणतो, ‘बाबा, नीट दाबा.’ फोन बदलू का?

नका बदलू. आणि ‘नीट दाबा’ हा सल्ला तर चुकीचाच आहे, कारण ही स्क्रीन दाबाने चालत नाही. बोटाच्या स्पर्शाने तिथल्या विद्युतभारात जो सूक्ष्म बदल होतो, तो ती ओळखते. वयानुसार कातडी कोरडी होते, तशी ती ओळख कमी पडते. मग माणूस जास्त जोर लावतो, बोट जास्त वेळ टेकून राहतं, आणि फोनला वाटतं की याला ‘दाबून धरायचं’ आहे. तुमचं ‘भलतंच’ बहुधा इथून येतं.

हाताला थोडं क्रीम लावून, पुसून पाहा. नखाजवळचं टोक नको, बोटाचा मऊ भाग टेकवा आणि लगेच उचला. स्क्रीनवर जाड काच चिकटवलेली असेल तर तीही आड येते. मग सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी विभागात जाऊन बोट किती वेळ टेकलं म्हणजे ‘दाबून धरलं’ समजायचं, तो वेळ वाढवा. अक्षरं मोठी करा. आणि स्क्रीन बंद होण्याची मुदत अर्ध्या मिनिटाची असेल तर दोन मिनिटांची करा. तुम्ही शांतपणे वाचत, विचार करत असता आणि तेवढ्यात फोन डोळे मिटतो. यात तुमचा काय दोष?

प्रश्न : आम्ही काही जण मिळून प्रौढांसाठी संगणकवर्ग घेतो. पहिल्या दिवशी संगणकाचे भाग, मग कीबोर्ड, मग फाइल-फोल्डर असा क्रम आहे. तिसऱ्या तासाला निम्मा वर्ग गळतो.

मीही गळालो असतो. सायकल शिकायला आलेल्याला कुणी आधी चेनच्या कड्या मोजायला लावतं का? पहिल्या तासाला प्रत्येकाला विचारा, ‘तुम्हाला काय करायचंय?’ कुणाला नोकरीचा अर्ज भरायचा असेल, कुणाला लांबच्या नातवाचं तोंड बघायचं असेल. त्या कामापासून सुरुवात करा. फाइल म्हणजे काय हे अर्जाला फोटो जोडताना आपोआप निघतं, आणि तेव्हा ते डोक्यात राहतं.

माऊसचा हात बसवायला पत्त्यांचा सॉलिटेअर उत्तम. 1990च्या विंडोज 3.0बरोबर तो आला आणि पत्ता उचलून दुसरीकडे नेता नेता असंख्य लोकांचा हात माऊसवर बसला. डबल-क्लिक मात्र सुरुवातीला टाळा. दोन क्लिकच्या मध्ये नवशिक्याचा हात हलतो. एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी बहुतेक ठिकाणी काम होतं.

पहिल्याच आठवड्यात हा प्रयोग घ्या : चार ओळी लिहायच्या, सगळ्या निवडायच्या, पुसून टाकायच्या. वर्गात क्षणभर शांतता पसरते. मग कंट्रोल आणि झेड. ओळी परत आलेल्या पाहून माणसं चक्क हसतात, आणि त्यानंतर बिनधास्त हात चालवतात.

आणखी एक. ‘काल चाललं, आज चालत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एखादा ‘मोड’ लपलेला असतो. कॅप्स लॉक चालू राहिला म्हणून पासवर्ड चुकतो. विमान मोडवर बोट पडलं म्हणून फोन लागत नाही. कीबोर्ड मराठीवर राहिला म्हणून इंग्रजी पत्ता उमटत नाही. 1970च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात कट-कॉपी-पेस्टची पद्धत बसवणाऱ्या दोघांपैकी एक, लॅरी टेस्लर, यांचं या मोडांशी जन्माचं वैर होतं. गाडीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी ‘नो मोड्स’ लिहून घेतलं होतं. तेव्हा वर्गात ‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारण्याऐवजी ‘काय चालू राहिलंय ते शोधू’ म्हणा.

प्रश्न : वडील सगळे पासवर्ड डायरीत लिहितात. हे धोक्याचं नाही का?

डायरी घरात, कपाटात असेल तर मला चालेल. दूर बसलेल्या चोराला तुमच्या कपाटात हात घालता येत नाही. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरला असेल तर मात्र एका ठिकाणी फुटलेला त्याला सगळीकडे चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करा. तो दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही 2017मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असंच सांगितलं. ईमेलचा पासवर्ड सगळ्यात जपा, कारण बाकीचे बहुतेक विसरलेले पासवर्ड तिथूनच परत मिळतात.

आता डायरीहून मोठी चूक सांगतो. खातं उघडून देताना मुलं स्वतःचा नंबर घालतात. मग वडील इकडे अर्ज भरत बसलेले आणि ओटीपी तिकडे, मुलगा मीटिंगमध्ये, त्याचा फोन सायलेंटवर. नंबर वडिलांचाच घाला. आणि तो ओटीपी फोनवर विचारणारा कितीही गोड बोलला, कितीही घाई करत असला, तरी त्याला सांगायचा नाही. फोन ठेवायचा, आणि बँकेच्या कार्डावर किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण होऊन करायचा.

प्रश्न : माझी बहीण फारशी शिकलेली नाही. ती सगळं फोनला बोलूनच विचारते. अशाने ती टाइप करायला कधी शिकणार?

शिकलीच पाहिजे का? बोलून तिचं काम होत असेल तर होऊ द्या. मात्र दोन गोष्टी करून घ्या. बोललेलं पाठवण्याआधी ते फोनने मोठ्याने वाचून दाखवावं, ही सोय चालू करा. फोन कधी कधी भलतंच ऐकतो. आणि ज्यांना ती रोज निरोप पाठवते त्या पाच-सहा जणांच्या नावापुढे त्यांचा फोटो लावून द्या, म्हणजे एकाचा निरोप दुसऱ्याकडे जायचा नाही. कधीतरी तीच विचारेल, ‘हे माझं नाव कसं लिहायचं गं?’ तेव्हा कीबोर्ड उघडा.